कण घशात, गाठ मानेत

पायात काटा मोडून चिघळला की जांघेत अवधाण येतं, हे शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीलाही ठाऊक होतं. जांघेतल्या त्या ठणकणाऱ्या गाठीला ती हातही लावायची नाही. "पाय पुढे कर," म्हणायची, आणि कंदिलाची वात मोठी करून तळव्यात राहिलेलं काट्याचं टोक शोधत बसायची. गाठ एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, ही गोष्ट तिच्या लेखी इतकी साधी होती की ती समजावून सांगायची गरजही तिला वाटत नसे.

मानेतल्या गाठीच्या बाबतीत हे शहाणपण फार उपयोगी पडतं. पन्नाशीतल्या एखाद्या गृहस्थाच्या हाताला दाढी करताना जबड्याच्या कोनाखाली एक गाठ लागते. दुखत नाही, ताप नाही, गिळायला अडचण नाही, आवाज नेहमीसारखा. चार-सहा आठवडे जातात, गाठ जात नाही. मग तपासण्या सुरू होतात आणि शेवटी कळतं की टॉन्सिलच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा कॅन्सर आहे, आणि मानेत लिंबाएवढी दिसणारी गाठ ही त्याचीच पुढची वस्ती आहे. डॉक्टर सांगतात, "कॅन्सर गाठीत गेलाय." हे वाक्य ऐकल्यावर घरातल्यांना पुढचं काही ऐकू येत नाही. गाठीत गेला म्हणजे पसरला, पसरला म्हणजे संपलं, असा आपला हिशेब असतो.

एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये हा हिशेब चुकतो. या आजारात कॅन्सर लहान असतानाच गाठीत जातो, बहुतेकांमध्ये जातो, आणि तरीही उपचारांनी बरा होण्याची शक्यता चांगली असते. हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं, ते घशाच्या त्या कोपऱ्याची बांधणी पाहिल्यावरच उलगडतं.

आधी पाण्याची वाट कशी जाते ते पाहू. रक्त बारीक केशवाहिन्यांतून फिरताना त्यातला थोडा द्रव सतत बाहेर झिरपतो आणि पेशींच्या मधल्या जागेत साचतो. हा द्रव, म्हणजे लसिका, गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या वाहिन्यांचं एक वेगळं जाळं शरीरात आहे. शेताचं पाणी ओघळीत, ओघळीचं ओढ्यात आणि ओढ्याचं नदीत जावं, तसं लसिकेचं पाणी लहान वाहिन्यांतून मोठ्या वाहिन्यांत जातं आणि शेवटी मानेच्या पायथ्याशी मोठ्या शिरेत पडतं. वाटेत ठिकठिकाणी बंधारे आहेत. त्या लसिका ग्रंथी, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या. पाण्यासोबत वाहत आलेले जंतू, मेलेल्या पेशी, कचरा तिथे अडतो आणि तपासला जातो. बंधाऱ्यात गाळ साचला की वरच्या पाणलोटात काहीतरी घडलंय हे जसं कळतं, तसंच इथे.

प्रत्येक बंधाऱ्याचा पाणलोट ठरलेला आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आंरी रुव्हिएर यांनी १९३२ साली माणसाच्या लसिकावाहिन्यांचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. कुठल्या भागाचं पाणी कुठल्या ग्रंथीत जातं, ते त्यात मांडलं होतं. आज डॉक्टर मानेचे क्रमांकानुसार भाग पाडतात. हनुवटी आणि जबड्याखालचा पहिला. मानेतल्या मोठ्या शिरेच्या काठाने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा. मानेच्या मागच्या बाजूचा पाचवा. पुढच्या मध्यरेषेचा सहावा. गुटख्या-तंबाखूने होणारा तोंडातला कॅन्सर बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या भागात उतरतो. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा बुंधा यांचं पाणी मात्र आधी दुसऱ्या भागात जातं, तिथून तिसऱ्यात, मग चौथ्यात. मधला टप्पा सोडून उडी मारल्याची उदाहरणं थोडी. म्हणून गाठ कुठे आहे एवढ्यावरूनही जाणता डॉक्टर मूळ कुठे शोधायचं याचा अंदाज बांधतो.

हे ठिकाण स्वतःच्या बोटांनी सापडतं. तर्जनी कानाच्या पाळीखाली जबड्याच्या कोनावर ठेवा, आणि तिथून बोटभर खाली, किंचित मागे या. मान दुसऱ्या बाजूला वळवली की कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा जाड स्नायू ताठ होतो. त्याच्या पुढच्या कडेला, थोडं आत, जी ग्रंथी असते तिला टॉन्सिलची ग्रंथीच म्हणतात. लहानपणी घसा धरला की आई नेमकी हीच जागा चाचपायची. तेव्हा ती सुजायची, दुखायची आणि घसा बरा झाला की आठवडाभरात ओसरायची. आता ज्या गाठीबद्दल बोलतोय ती याच जागी येते, पण दुखत नाही आणि ओसरत नाही.

काही ग्रंथी मात्र बोटाला कधीच लागत नाहीत. घशाच्या मागच्या भिंतीपाठी, कवटीच्या तळाजवळ त्या दडलेल्या आहेत. त्यांतल्या बाजूच्या ग्रंथींना रुव्हिएरांचंच नाव आहे. टॉन्सिलमधून आणि घशाच्या मागच्या भिंतीतून काही पाणी तिकडेही जातं. त्या फक्त स्कॅनवर दिसतात, म्हणून मान चाचपून "काही नाही" म्हटलं तरी स्कॅन करावा लागतो.

आता टॉन्सिलकडे येऊ. सगळी गोम इथेच आहे.

आरशासमोर मोठा आ करून मोबाइलचा उजेड आत टाकला की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दोन गुलाबी उंचवटे दिसतात. नीट पाहिलं तर त्यांवर बारीक खड्डे असतात. काहींच्या खड्ड्यांत पांढरे, दुर्गंधी येणारे कणही अडकतात. हे खड्डे म्हणजे आत खोल जाणाऱ्या बोळांची तोंडं. प्रत्येक टॉन्सिलमध्ये असे दहा-वीस बोळ, आणि प्रत्येक बोळाला आत फाटे. बाहेरून सुपारीएवढ्या दिसणाऱ्या या अवयवाचं खरं क्षेत्रफळ त्या घड्यांमध्ये लपलेलं असतं. जिभेच्या बुंध्यावरही असंच पेशीजाल पसरलेलं आहे, फक्त तिथे बोळ उथळ असतात.

तोंडात गालाच्या आतून जे अस्तर असतं, ते पेशींच्या थरांचं असतं, आणि त्याखाली एक अखंड पातळ पडदा असतो. शेताच्या बांधासारखा तो पडदा वरच्या पेशींना खालच्या भागापासून वेगळं ठेवतो. टॉन्सिलच्या बोळांत मात्र हे अस्तर विरविरीत, जाळीदार असतं. पेशींच्या मधून पांढऱ्या पेशी ये-जा करत असतात, आणि खालचा पडदा जागोजागी तुटलेला असतो. ही रचना मुद्दाम तशी आहे. टॉन्सिलचं कामच मुळी तोंडावाटे आणि नाकावाटे येणाऱ्या जंतूंची ओळख करून घेण्याचं. पहारेकऱ्याला बाहेरचं दिसायचं तर भिंतीत झरोके हवेतच.

त्याच झरोक्यांचा फायदा एचपीव्हीला होतो. हा विषाणू अस्तराच्या सर्वांत खालच्या, वाढत्या पेशींमध्येच घर करू शकतो. त्वचेवर त्या पेशींपर्यंत पोहोचायला बारीकशी का होईना, जखम लागते. टॉन्सिलच्या बोळांत त्या पेशी जवळपास उघड्या असतात. हा विषाणू लैंगिक संबंधांतून, त्यातही मुखमैथुनातून घशात येतो. तो कधी ना कधी खूप लोकांना भेटतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. थोड्यांमध्ये तो टिकतो आणि त्यातल्या थोड्यांमध्ये अनेक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी, कॅन्सर होतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण निदान झाल्यावर घरात जो संशय आणि जी लाज शिरते तिचा त्रास कधीकधी आजारापेक्षा जास्त होतो. आज सापडलेला कॅन्सर जोडीदाराच्या आजच्या वागण्याबद्दल काहीही सांगत नाही. आणि ताटवाटी वेगळी करायची, नातवंडांना जवळ घ्यायचं नाही, असलं काही करण्याचं कारण नाही.

एचपीव्हीच्या अनेक जातींपैकी घशाच्या या कॅन्सरमध्ये फार मोठ्या प्रमाणात एकच सापडते, १६ क्रमांकाची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हाच विषाणू असल्याचं जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. घशाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध अमेरिकेत मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ठोसपणे मांडला. विषाणूची ई ६ आणि ई ७ ही दोन प्रथिनं पेशीचे दोन ब्रेक निकामी करतात. ई ६ हे पी ५३ नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लावतं, ई ७ हे आरबी नावाच्या प्रथिनाला बांधून ठेवतं. आरबी गप्प झालं की पेशीत पी १६ नावाचं तिसरं प्रथिन भरमसाट साचतं. हे साचलेलं पी १६ प्रयोगशाळेत रंगवून पाहता येतं. काचपट्टीवर कॅन्सरच्या ७० टक्के किंवा अधिक पेशी ठसठशीत तपकिरी रंगल्या की पी १६ पॉझिटिव्ह. रिपोर्टवर जो "पी १६" शब्द दिसतो तो हा. विषाणूचा तो प्रत्यक्ष पुरावा नसून पायाचा ठसा आहे. साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९ टक्के जणांमध्ये पी १६ आणि विषाणूची थेट चाचणी एकमेकांशी जुळली नव्हती. म्हणून उपचार कमी करण्याचा विचार असेल तिथे दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

तर, बोळाच्या तळाशी एक पेशी बिघडली आणि वाढू लागली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, पेशी हळूहळू बिघडतात, आणि काही काळ कॅन्सर पडद्याच्या आतच राहतो. त्या काळात दंतवैद्याच्या नजरेलाही तो पडू शकतो. टॉन्सिलच्या बोळात चट्टा दिसण्याची सोय नाही, कारण सगळं खोल आहे. आणि पडद्याच्या आत थांबण्याचीही सोय नाही, कारण पडदाच अखंड नाही. बांध फुटायची वाट पाहावी लागत नाही. तो आधीपासूनच ठिकठिकाणी उघडा आहे. गर्भाशयमुखाची जशी पॅप तपासणी होते तशी घशाची तपासणी उपलब्ध नाही, त्यामागचं मोठं कारण हेच.

त्यात आणखी एक गोष्ट. मानेतल्या लसिका ग्रंथीत वाहिन्या बाहेरून येतात आणि दुसऱ्या बाजूने निघतात. टॉन्सिलमध्ये लसिका घेऊन येणाऱ्या वाहिन्या नसतात, फक्त घेऊन जाणाऱ्या असतात. म्हणजे तिथे उगवलेल्या पेशीसाठी प्रवाहाची दिशा एकच, बाहेरची. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती पेशी एकमेकींवर किंचित चढवून केलेल्या असतात, आत ढकलली तर उघडणाऱ्या दारांसारख्या. कॅन्सरची सुटी झालेली पेशी त्यातून आत शिरते, दोन-चार सेंटीमीटरचा प्रवास करते आणि जबड्याच्या कोनाखालच्या ग्रंथीपाशी येते. ग्रंथीच्या सालीखाली एक अरुंद पोकळी असते आणि आलेलं पाणी आधी तिथे पसरतं. पेशी पहिल्यांदा अडकते ती तिथेच. काचपट्टीवर सुरुवातीची वस्ती पाहिली तर ती बहुधा ग्रंथीच्या कडेला, सालीला लागून दिसते. अशा आलेल्या कितीतरी पेशी तिथे मरून जातात. एखादी तगते, वाढते आणि ग्रंथीचा गाभा व्यापते.

मग गाठ मूळ कॅन्सरपेक्षा मोठी का होते? एक कारण जागेचं. घशातला कण बोळाच्या आत असतो, मानेतल्या ग्रंथीला सैल चरबीत फुगायला वाव असतो. दुसरं कारण फार विलक्षण आहे. या कॅन्सरच्या ग्रंथीत बऱ्याचदा मधोमध पोकळी होते आणि ती द्रवाने भरते. गाठ पाण्याच्या फुग्यासारखी होते, भिंतीवर कॅन्सरच्या पेशींचा पातळ थर आणि आत पिवळसर पाणी. त्यामुळे ती थोड्या दिवसांत मोठी झाल्यासारखी वाटते, हाताला मऊ लागते आणि फसवते.

फसवते म्हणजे कशी ते पाहा. मानेच्या बाजूला जन्मजात राहिलेल्या अवशेषातून पाण्याची निरुपद्रवी गाठ होऊ शकते. ती तरुणपणी दिसते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच अशी पाणी भरलेली गाठ आली, तर ती जन्मजात असेल असं मानणं धोक्याचं आहे. कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरूनच चालावं. सुईच्या तपासणीत कधी नुसतंच पाणी येतं, पेशी येत नाहीत आणि रिपोर्टवर "साधी गाठ" असं लिहून येतं. सोनोग्राफीत पाहून सुई गाठीच्या भिंतीतून घेतली तर पेशी मिळण्याची शक्यता वाढते. एकदा काही मिळालं नाही म्हणून विषय बंद करू नये.

आपल्याकडे अडचण आणखी एक. मानेतली गाठ म्हटलं की पहिलं नाव टीबीचं येतं. गंडमाळ हा शब्दही त्याच आजाराशी जोडला गेलेला. टीबीचं प्रमाण पाहता ही शंका रास्त आहे. पण सुईची तपासणी न करता, नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने "बघू, उतरेल" म्हणत जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक देत राहणं हाही त्यातलाच प्रकार. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली प्रौढांच्या मानेतल्या गाठीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. गाठ दोन आठवड्यांहून जास्त टिकली, दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी असली, कडक असली, हलत नसली किंवा तिच्यावरची कातडी फुटली असली, तर पुढची तपासणी करावी, असं त्यात म्हटलं आहे. आणि आधी सुई, थेट चाकू नको. गाठ घाईने कापून काढली तर पुढच्या उपचारांची वाट अवघड होते.

सुईत कॅन्सरच्या पेशी मिळाल्या आणि पी १६ पॉझिटिव्ह आलं, की आजीचं काम सुरू होतं: काट्याचं टोक शोधायचं. दुर्बिणीतून घसा पाहतात, स्कॅन करतात, जिवंत आजार उजळून दाखवणारा पेट-सीटी स्कॅनही करतात. तरी कधीकधी काही दिसत नाही. मग त्या बाजूचा टॉन्सिल काढून, बारीक काप करून तपासतात, आणि तिथेही नसेल तर जिभेच्या बुंध्यावरचं पेशीजाल रोबोटच्या साहाय्याने काढून पाहतात. बऱ्याचदा काही मिलिमीटरचा कण शेवटी एखाद्या बोळाच्या तळाशी सापडतो. ही खटपट व्यर्थ नसते. कण सापडला तर रेडिएशनचा मारा नेमक्या जागी करता येतो. नाही सापडला तर घशाचा मोठा भाग त्यात घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत कोरडं तोंड आणि अवघड गिळणं या रूपात आयुष्यभर मोजावी लागते.

आता टप्प्यांकडे. कॅन्सरचे टप्पे ठरवताना टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी आणि एम म्हणजे दूरवरचा प्रसार असं पाहतात. जुन्या कोष्टकात घशातला कॅन्सर दोन सेंटीमीटरच्या आत असला, पण मानेत एकाच बाजूला एकाहून अधिक ग्रंथी असल्या, की रुग्ण थेट चौथ्या टप्प्यात जायचा. तंबाखूच्या कॅन्सरसाठी ते योग्य होतं. विषाणूच्या कॅन्सरमध्ये मात्र आकडे जुळेनात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या सात केंद्रांनी मिळून एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरचे १,९०७ रुग्ण अभ्यासले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. जुन्या कोष्टकाप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या-अ टप्प्यांतले पाच वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण अनुक्रमे ८८, ८२, ८४ आणि ८१ टक्के होते. म्हणजे पायऱ्या कागदावर होत्या, प्रत्यक्षात जमीन जवळपास सपाट होती.

म्हणून २०१८ पासून या आजारासाठी वेगळं कोष्टक लागू झालं. कॅन्सर चार सेंटीमीटरपर्यंत आणि ग्रंथी त्याच बाजूच्या, कितीही असल्या तरी सहा सेंटीमीटरच्या आतल्या, तर पहिला टप्पा. दुसऱ्या बाजूलाही ग्रंथी असतील तर दुसरा. सहा सेंटीमीटरपेक्षा मोठी ग्रंथी असेल तर तिसरा. चौथा टप्पा फक्त फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेला असेल तरच. शस्त्रक्रिया झाली असेल तर आकार न पाहता संख्या मोजतात: कॅन्सर असलेल्या चार किंवा कमी ग्रंथी एका गटात, पाच किंवा जास्त दुसऱ्या. जुन्या पुस्तकातून किंवा ओळखीच्या कुणाच्या अनुभवातून आपला टप्पा ठरवू पाहणारा माणूस नाहक घाबरतो, तो या बदलामुळेच.

इथे एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी, आणि महाराष्ट्रात ती जास्तच लागू आहे. हे चांगले आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तंबाखूचं राज्य आहे, आणि विषाणूवाल्या रुग्णाच्याही खिशात अनेकदा पुडी किंवा विडी असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्हीवाले ८२.४ टक्के रुग्ण जिवंत होते, विषाणू नसलेले ५७.१ टक्के. पण त्याच अभ्यासात, विषाणू असूनही ज्यांनी दहा वर्षं रोज एक पाकीट याहून जास्त सिगारेटी ओढल्या होत्या आणि ज्यांच्या मानेत जास्त ग्रंथी होत्या, त्यांची गणना मधल्या धोक्याच्या गटात झाली, आणि त्या गटात जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण ७०.८ टक्क्यांवर आलं. पी १६ पॉझिटिव्ह हा शब्द वाचून तंबाखू चालू ठेवणाऱ्याला कुणीतरी हे तोंडावर सांगायला हवं.

ग्रंथींची संख्या सोडून डॉक्टर आणखी कशाकडे पाहतात? ग्रंथीच्या सालीकडे. कॅन्सर साल फोडून आजूबाजूच्या चरबीत किंवा स्नायूत शिरला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसोबत केमोथेरपीचाही विचार होतो. आणि ग्रंथी मानेत किती खाली आहेत याकडे. चौथ्या भागात, गळपट्टीच्या हाडाजवळ उतरलेला कॅन्सर दूर जाण्याची भीती जास्त असते. दुसऱ्या बाजूच्या मानेचा प्रश्नही असतो. जिभेचा बुंधा मध्यरेषेवर आहे, त्याचं पाणी दोन्हीकडे जातं. टॉन्सिल एका बाजूला आहे. टोरोंटोच्या एका केंद्राने २००१ साली टॉन्सिलच्या २२८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना रेडिएशन एकाच बाजूला दिलं होतं, तरी दुसऱ्या बाजूच्या मानेत आजार आला तो ३.५ टक्क्यांना. लहान आणि मध्यरेषेपासून दूर असलेल्या कॅन्सरमध्ये दुसरी बाजू वाचवता येते, म्हणजे तिकडची लाळेची ग्रंथी वाचते. रात्री तोंडाला कोरड पडून चार वेळा उठावं लागणाऱ्या माणसाला विचारा, त्या एका ग्रंथीचं मोल काय ते.

मानेवरच्या उपचारांची गोष्ट जुनी आहे. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडून मानेतल्या सगळ्या ग्रंथी एकसंध काढण्याची पद्धत रूढ केली. त्यात मोठा तिरका स्नायू, मोठी शीर आणि खांद्याला जाणारी नसही जात असे. आजार जायचा, पण खांदा पडायचा. हात वर करून फडताळातला डबा काढता येत नसे. आज सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुधा दुसरा, तिसरा आणि चौथा भाग काढतात, आणि नस, शीर, स्नायू जपतात. मानेत काही दिसत नसतानाही ग्रंथी काढाव्यात का, या प्रश्नावर तोंडाच्या कॅन्सरबाबत जगाला उत्तर मिळालं ते मुंबईतून. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ साली दाखवलं की आधीच ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात, गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. तो अभ्यास तंबाखूच्या प्रदेशातला, विषाणूचा नव्हे. तरी न दिसणाऱ्या कणांना गृहीत धरूनच मानेचा विचार करायचा, हे त्यातून पक्कं झालं. घशाच्या कॅन्सरमध्येही मान स्वच्छ दिसली तरी तिच्यावर उपचार करतात.

इतके चांगले आकडे आहेत तर उपचार हलके करता येतील का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर अजून सावध आहे. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलं, पण २०१९ साली दोन मोठ्या अभ्यासांत ते कमी पडलं. शस्त्रक्रिया झालेल्या निवडक रुग्णांत रेडिएशनचा डोस कमी करण्याचे प्रयोग आशादायक आहेत. मनाने डोस कमी करून घेणं मात्र कुणीही करू नये.

आणि मुळात हा विषाणू घशात घर करूच नये म्हणून लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ च्या जानेवारीत सर्व्हाव्हॅक नावाची लस आणली. ती ६, ११, १६ आणि १८ या जातींविरुद्ध काम करते, आणि मुलग्यांसाठीही तिला मान्यता आहे. "ती मुलींची लस" हा समज जायला हवा, कारण अमेरिकेसारख्या देशात घशाच्या या कॅन्सरचे रुग्ण बहुसंख्य पुरुष आहेत.

रेडिएशन आणि केमोथेरपी संपली की गाठ लगेच नाहीशी होत नाही, आणि घरचे दर दोन दिवसांनी मान चाचपत राहतात. पाणी भरलेल्या गाठी तर सावकाशच आटतात. पूर्वी अशा वेळी उरलेली गाठ सरसकट काढून टाकत. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून, त्यात जिवंत आजार दिसला तरच शस्त्रक्रिया केली, तरी रुग्ण तितकेच जगतात. त्याआधी स्कॅन केला तर जळजळीमुळे गाठ उगाच उजळते आणि फसवणूक होते. म्हणून तीन महिने थांबायचं. त्यानंतरही काहींच्या दुसऱ्या भागात, जबड्याच्या कोनाखाली, चिंचोक्याएवढी कडक गाठ बोटाला लागत राहते. स्कॅनमध्ये ती उजळत नाही. बऱ्याचदा आत जिवंत काही नसतं, नुसता वण असतो, आणि तो तिथे तसाच राहू देतात.